ग्रहणाचा हिशेब : मिस्कवैहचा 'तजारिब अल्-उमम'

दरबारी कारस्थानांचा इतिहास लिहू पाहणाऱ्यासमोर एक मोह सदैव उभा असतो. कारस्थान ही गोष्ट मुळातच रंजक. तिच्यात पात्रे असतात, रहस्य असते, विश्वासघात असतो. इतिहासकार हळूहळू कथेकरी बनतो, आणि सत्ता का लयाला गेली या प्रश्नाचे उत्तर, माणसे वाईट होती, एवढ्यावर संपते. दहाव्या शतकातील बगदाद या मोहाला विशेषच अनुकूल आहे. इ. स. ९०८ ते ९४६ या काळात अब्बासी गादीवर पाच खलिफा बसले. त्यांपैकी मुक्तदिर आपल्याच सेनापतीशी लढताना मारला गेला. काहिर, मुत्तकी आणि मुस्तक्फी या तिघांना पदच्युत करून आंधळे करण्यात आले. एकटा रादी तेवढा आजाराने मेला. इब्न अल्-मुअतझ्झ हा अलंकारशास्त्रावर ग्रंथ लिहिणारा श्रेष्ठ कवी तर अवघ्या एका दिवसाचा खलिफा ठरला आणि त्यापायी प्राणास मुकला.

हा सारा काळ मिस्कवैहने 'तजारिब अल्-उमम', म्हणजे 'राष्ट्रांचे अनुभव', या अरबी इतिहासग्रंथात मांडला आहे. इ. स. १०३० मध्ये निवर्तलेला हा लेखक नीतिशास्त्राचा अभ्यासक होता. बगदाद जिंकणाऱ्या बुवैही घराण्याच्या वजिरांकडे त्याने ग्रंथपालाचे आणि चिटणिसाचे काम केले. १९२०-२१ साली अॅमेड्रोझ आणि मार्गोलियथ यांच्या नावे त्याच्या ग्रंथाचा उत्तरभाग मूळ संहिता आणि इंग्रजी भाषांतर अशा रूपात प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या मालेला 'अब्बासी खिलाफतीचे ग्रहण' अशा अर्थाचे नाव देण्यात आले. नाव अर्थपूर्ण आहे, कारण ग्रहण सुटते. बाराव्या शतकाच्या अखेरीस खलिफा नासिरने काही काळ ते सोडवलेही, आणि खग्रास झाले ते १२५८ मध्ये. परंतु या नावाने वाचकाची थोडी दिशाभूलही होते. मिस्कवैहचे लक्ष खिलाफतीच्या तेजावर नाही, तिच्या खजिन्यावर आहे.

ग्रंथाच्या आरंभीच त्याने आपली कसोटी सांगितली आहे. पैगंबरांचे चमत्कार त्याने वगळले, कारण राज्यव्यवहार करणाऱ्याला त्यांतून अनुभव म्हणून काही घेता येत नाही. मध्ययुगीन इतिहासलेखनात ही भूमिका असामान्यच म्हटली पाहिजे. तबरीचा प्रचंड इतिहास त्याच्यासमोर होता. एकाच घटनेच्या अनेक साक्षी, त्यांच्या कथनपरंपरेसह, शेजारीशेजारी मांडून तबरी निर्णयापासून दूर राहतो. मिस्कवैह साक्षींची परंपरा गाळतो आणि कारण शोधतो. त्याने मिळवले ते पुष्कळ. गमावले तेही थोडे नव्हे.

त्याच्या दृष्टीचे सामर्थ्य मुक्तदिरच्या कारकीर्दीत पूर्णपणे प्रकट होते. इ. स. ९१७ मध्ये बायझंटाइन सम्राटाचे वकील बगदादला आले. त्यांच्या स्वागतासाठी राजवाड्यात अडतीस हजार पडदे टांगले होते आणि चांदीच्या झाडावर यांत्रिक पक्षी गात होते, असे खतीब अल्-बगदादीने वर्णिले आहे. त्याच दरबाराविषयी लिहिताना मिस्कवैह अखेरीस आकडा मांडतो : मुक्तदिरने उधळलेली रक्कम सात कोटी दिनारांच्या वर जाते. एखाद्या राजाचा मृत्युलेख म्हणून याहून कोरडे आणि याहून कठोर असे काही लिहिणे अवघड आहे.

या हिशेबातून कारस्थानांचे स्वरूपच पालटते. नवा खलिफा आला की सैन्याला राज्यारोहणाची बक्षिसी हवी असते. खजिन्यात ती नसते. म्हणून नवा वजीर जुन्या वजिराला धरून, प्रसंगी छळून, त्याच्याकडून पैसे काढतो. या वसुलीला 'मुसादरा' म्हणत. आपल्यावर हा दिवस येणार हे प्रत्येक अधिकाऱ्याला ठाऊक असल्याने अधिकारावर असेतो तो जमेल तेवढे दडवतो, आणि खजिना आणखी रिता होतो. इब्न अल्-फुरात तीनदा वजीर झाला आणि ९२४ मध्ये पुत्रासह मारला गेला. काटकसरीचा, सचोटीचा अली इब्न ईसा पुनःपुन्हा दूर सारला गेला. या दोघांच्या स्वभावांतील विरोध मिस्कवैह रेखाटतो खरा, पण दोघेही एकाच चक्राला बांधलेले आहेत हे त्याच्या कथनातून आपोआप उमटते. (त्याच काळी दरबारात वावरणारा, रादीचा गुरू असलेला सूली हा बुद्धिबळाचा नामांकित खेळाडू होता. त्याच्या पटावरील वजीर आजच्यासारखा बलाढ्य नव्हता. तिरपे एकच घर चालण्याची त्याला मुभा होती.)

इब्न मुक्लाचा प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. अरबी सुलेखनाला शिस्त देणारा हा वजीर. ९३६ मध्ये त्याचा उजवा हात तोडण्यात आला. ज्या हाताने खलिफांची सेवा केली, कुराणाच्या प्रती लिहिल्या, तो चोराच्या हातासारखा तोडला गेला, हा त्याचा विलाप त्याच्यावर उपचार करणाऱ्या साबित इब्न सिनान या वैद्याने नोंदला. दुसऱ्या कुणा लेखकाने येथे करुणरस आळवला असता. पण थोट्या हाताला बोरू बांधून इब्न मुक्ला लिहीत राहिला आणि वजिरीसाठी पुन्हा खटपट करू लागला, हा पुढचा तपशील अधिक भयंकर आहे. त्या पदाची ओढ हात तुटूनही सुटत नाही.

कारस्थानाकडून जमिनीकडे वळणारी पाने हा ग्रंथाचा सर्वोत्तम भाग होय. ९३६ मध्ये रादीने इब्न राइकला 'अमीर अल्-उमरा' नेमून सारी सत्ता त्याच्या हाती दिली. नंतर या अमीराने प्रतिस्पर्धी बजकमला अडवण्यासाठी नहरवान कालव्याचा बांध फोडला. बजकम थांबला नाही. पाणी मात्र शेतांतून गेले ते गेलेच. पुढे बुवैही मुइझ्झुद्दौलाने ९४५ च्या अखेरीस बगदाद घेतल्यावर सैनिकांना वेतनाऐवजी जमिनींचा महसूल तोडून दिला. सैनिकांनी जमीन पिळावी, ती उजाड झाली की परत करून दुसरी मागावी, आणि पाटबंधाऱ्यांची डागडुजी कुणीच करू नये, हा क्रम मिस्कवैह पायरीपायरीने उलगडतो. मुइझ्झुद्दौला त्याच्या धन्यांच्याच घराण्याचा. तरीही येथे त्याची लेखणी अडखळत नाही.

ती अडखळते अन्यत्र. मुक्तदिरच्या दौर्बल्याचा दोष तो राजमाता शगब आणि अंतःपुरातील कारभारणी यांच्यावर सढळपणे टाकतो. ज्या लेखकाला सैनिकी वेतनातून राज्याचा ऱ्हास दिसतो, त्याला राजवाड्याच्या या भागात मात्र केवळ स्त्रियांचा हस्तक्षेप दिसावा, ही उणीव क्षम्य म्हणता येणार नाही. तेराव्या वर्षी गादीवर बसवलेल्या मुलाच्या राज्यात कारभार कुणीतरी पाहणारच होते. ज्यांनी त्याला निवडले, ते त्याच्या कोवळ्या वयावरच विसंबले होते. पण मिस्कवैहमधला वृत्तकार त्याच्यातील न्यायाधीशाहून प्रामाणिक आहे. मुक्तदिरच्या मृत्यूनंतर काहिरने शगबला उलटी टांगून छळले. आपल्या इतर मालमत्तेच्या विक्रीला तिने मान्यता दिली. मात्र मक्का-मदिनेसाठी, गोरगरिबांसाठी वक्फ केलेल्या मिळकती मोडण्यास तिने ठाम नकार दिला. हा प्रसंग त्याने गाळलेला नाही, आणि त्याच्या निर्णयाविरुद्धचा सर्वांत बळकट पुरावा वाचकाला त्याच्याच पानांत सापडतो.

ग्रंथ थांबतो तो हिजरी ३६९ मध्ये, म्हणजे इ. स. ९८० च्या सुमारास, अझुदुद्दौलाच्या ऐन वैभवात. मिस्कवैह त्यानंतर सुमारे पन्नास वर्षे जगला. बुवैही राज्याचे तुकडे होताना, वेतनासाठी सैन्याची तीच बंडे पुन्हा होताना त्याने पाहिली असतील. अब्बासींच्या ऱ्हासासाठी वापरलेली मापे आपल्या धन्यांना लावण्याची वेळ तेव्हा आली होती. त्या वर्षांवर त्याने लिहिले नाही. पुढचा वृत्तान्त रुधरावरीने लिहिला. तो स्वतः एका अब्बासी खलिफाचा वजीर होता.