दाखवलेली चूक आणि सापडलेली चूक : ‘स्पोकन ट्यूटोरियल’ची मराठी सी मालिका

यवतमाळ, पुसद किंवा वणीत राहून तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल, तर आज ना उद्या थोडंफार कोडिंग शिकावंच लागणार. विषय संगणकशास्त्राचा असो की शेती-अर्थशास्त्राचा, शेकडो ओळींची आकडेवारी हातानं मांडत बसणं आता शक्य नाही. मराठीतून आणि मोफत शिकायचं म्हटलं की आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाचं नाव लगेच समोर येतं. प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली, केंद्र सरकारच्या निधीतून हा प्रकल्प उभा राहिला. साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे आहेत. स्क्रीनवर जे चाललंय ते मूळ इंग्रजीच, निवेदन मात्र मराठीत.

या प्रकल्पातल्या ‘सी आणि सी प्लस प्लस’ मालिकेबद्दल आज लिहितोय, आणि तेही एकच प्रश्न धरून : कोड अडला, तर पुढे काय करायचं हे ही मालिका किती शिकवते? हाच प्रश्न का, तर नवं कोडिंग शिकताना तुमचा बराच वेळ लिहिण्यापेक्षा अडलेलं सोडवण्यात जाणार आहे. प्रबंधाच्या कामात तर नक्कीच.

जमेची बाजू

आपली बहुतेक पुस्तकं चालणारा प्रोग्राम छापतात आणि पुढच्या प्रकरणाकडे जातात. तुम्ही तोच प्रोग्राम टाइप करता, चार ओळींची एरर येते, आणि पुस्तक त्यावर गप्प असतं. ही मालिका तसं करत नाही. पहिल्याच सी प्रोग्रामच्या धड्यात प्रोग्राम नीट चालवून झाल्यावर शेवटचा महिरपी कंस मुद्दाम काढला जातो. फाइल सेव्ह होते, पुन्हा कंपाइल होते, टर्मिनलवर एरर येते. मग कंस परत टाकून प्रोग्राम पुन्हा चालवून दाखवतात. नेहमी होणाऱ्या चुका दाखवण्याची ही पद्धत पुढच्या धड्यांतही ठेवली आहे. एरर आली म्हणजे आपल्याला जमत नाही, असा समज नवशिक्यांमध्ये फार असतो. शिकवणाऱ्याच्याच स्क्रीनवर एरर आलेली पाहिली की तो बराच सैल होतो.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे सुरुवातीलाच आवृत्त्या सांगितल्या जातात : उबुंटू ११.१० आणि जीसीसी ४.६.१. नवख्याला हे कंटाळवाणं वाटेल, पण संशोधनात हीच सवय लागते. तुमचा निकाल दुसऱ्याला पडताळायचा असेल, तर कुठल्या आवृत्तीवर तो काढला हे लिहिलेलं पाहिजे. या दोन्ही आवृत्त्या २०११ च्या आहेत. त्यामुळे आजच्या कंपायलरचा मेसेज धड्यातल्या मेसेजशी शब्दशः जुळला नाही, तर गोंधळू नका.

दिशा उलटी आहे

आता तक्रार. धड्यात कारण आधी येतं आणि मेसेज नंतर. निवेदक सांगतो की आपण कंस काढू, आणि मग काय होतं ते पाहू. तुमच्या टेबलावर नेमकं उलटं घडतं. मेसेज आधी येतो आणि कारण तुम्हाला शोधायचं असतं. पहिलं पाहून दुसरं आपोआप येत नाही.

कंस काढल्यावर जो मेसेज येतो तोच घ्या : ‘एक्स्पेक्टेड डिक्लेरेशन ऑर स्टेटमेंट अ‍ॅट एंड ऑफ इनपुट’. यात ‘कंस’ हा शब्दच नाही. कंपायलर म्हणतोय, ‘फाइल संपली, पण मी अजून काहीतरी येईल म्हणून थांबलो होतो.’ यावरून ‘कुठला तरी कंस उघडाच राहिला असेल’ इथपर्यंत पोचायचं, ही खरी पायरी आहे. धड्यात मेसेज वाचला जातो, ओळीचा नंबर दाखवला जातो, आणि कंस जागेवर बसतो. मधली पायरी वगळली जाते, कारण निवेदकाला तिची गरजच नसते.

सेमीकोलनचंही तेच. सेमीकोलन राहिला की कंपायलर, विशेषतः जुना, बरेचदा पुढच्या ओळीचा नंबर सांगतो. तो पुढच्या शब्दावर पोचतो तेव्हाच त्याला कळतं की मधे काहीतरी सुटलंय. हे एकदा समजलं की नंबर दिलेली ओळ ठीक दिसली तर तिच्या वरची ओळ पाहायची, हे वेगळं सांगावं लागत नाही. दोन मिनिटं मराठीत बोललं असतं तर पुरलं असतं. निवेदन मराठीत आणलं, पण विद्यार्थी जिथे खरंच अडतो तो मेसेज इंग्रजीतच राहिला. मराठी आवृत्तीचा सगळ्यात जास्त उपयोग जिथे झाला असता, तिथेच ती कमी पडते.

भाषा बनवणाऱ्यांनाही हे उमगलंय. पायथनच्या २०२१ मधल्या ३.१० आवृत्तीपासून कंस उघडा राहिला तर पायथन थेट सांगतो की अमुक कंस बंदच झालेला नाही, आणि तो उघडला ती जागा दाखवतो. त्याआधी तोही पुढच्याच कुठल्यातरी ओळीवर बोट ठेवायचा.

जिथे एररच येत नाही

यापेक्षा मोठी उणीव संशोधकाच्या बाजूनं आहे. मी पाहिलेल्या धड्यांत चूक म्हणजे कंपायलर ज्यावर ओरडतो ती चूक. तुमचा प्रबंध बुडवणारी चूक गप्प असते.

आपल्या जिल्ह्याचंच उदाहरण घेऊ. यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके. समजा तुमच्याकडे दोन फाइली आहेत : एकीत तालुकावार पाऊस, दुसरीत तालुकावार कापसाचं उत्पादन. पायथनच्या पांडाज लायब्ररीतलं ‘मर्ज’ वापरून तुम्ही तालुक्याच्या नावावर दोन्ही जोडता. एका फाइलीत ‘केळापूर’ आहे. दुसरीत कुणीतरी तालुक्याच्या मुख्यालयाचं नाव लिहिलंय, ‘पांढरकवडा’. माणसाला कळतं की तालुका एकच आहे. पांडाजला नाही कळत. वेगळं काही सांगितलं नाही तर मर्ज ‘इनर’ पद्धतीनं होतं, म्हणजे दोन्हीकडे सापडलेली नावंच राहतात. केळापूर गायब. एरर नाही, वॉर्निंग नाही. सरासरी काढताना प्रोग्राम १६ ऐवजी १५ नं भागतो, त्यामुळे उत्तरही अगदी खरं वाटतं.

मराठीत लिहिलेल्या नावांत आणखी एक भानगड असते. ‘दारव्हा’ हे नाव दोन जणांनी दोन वेगळ्या कीबोर्डवर टाइप केलं, तर एकाच्या नावात ‘झिरो विड्थ जॉइनर’ हे न दिसणारं चिन्ह शिरलेलं असू शकतं. डोळ्यांना दोन्ही जवळजवळ सारखी, संगणकाला वेगळी. ‘झरी जामणी’मधली एक जादा स्पेसही तेवढंच नुकसान करते.

हे फक्त नीटनेटकेपणापुरतं नाही. यवतमाळवर प्रबंध कशावर होतात? कापूस, कर्जबाजारीपणा, शेतकरी आत्महत्या, २०१७ मधली फवारणीची विषबाधा. अशा कामात एक ओळ गळली, तर एका तालुक्यातली माणसं हिशेबातूनच बाहेर जातात. आणि तुमचा तक्ता पुढे कुणीतरी खरा मानून वापरतो.

जगात हे मोठ्या पातळीवर घडून गेलंय. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांवर एक शोधनिबंध लिहिला. खर्चकपातीच्या बाजूनं बोलणाऱ्या अनेक देशांतल्या राजकारण्यांनी तो पुढे केला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला थॉमस हर्नडन हा पीएच.डी.चा विद्यार्थी अभ्यासाचा भाग म्हणून तेच आकडे पुन्हा काढायला बसला. ते जुळेनात. मूळ एक्सेल फाइल मिळाल्यावर दिसलं की सरासरीच्या सूत्रात पाच ओळी घेतल्याच नव्हत्या. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क बाहेर राहिले होते. फरक फक्त या चुकीमुळे पडला नव्हता. काही वर्षांची आकडेवारी वगळणं आणि सरासरीला वजन देण्याची पद्धत यांवरही हर्नडन आणि त्याच्या शिक्षकांचा आक्षेप होता. पण त्या पाच देशांबद्दल एक्सेलनं चकार शब्द काढला नव्हता.

मग मालिका पाहायची का?

पाहायची. कोडिंग कधीच केलं नसेल तर सुरुवात म्हणून मी ती अजूनही सुचवतो. फक्त जशी दाखवली आहे तशी पाहू नका.

पहिलं : मित्राला किंवा मैत्रिणीला सोबत घ्या. त्यांनी तुमच्या चालणाऱ्या प्रोग्राममध्ये तुमच्या पाठीमागे एक चूक घालायची, आणि तुम्ही फक्त मेसेजवरून ती शोधायची. मग अदलाबदल. मालिकेची उलटी दिशा यानं सुलटी होते. सीमध्ये अनेक एरर एकदम आल्या तर सगळ्यात वरची आधी सोडवा. खालच्या बऱ्याचदा तिच्यामुळेच आलेल्या असतात. पायथनमध्ये वाचायला शेवटच्या ओळीपासून घ्या, एररचा प्रकार तिथे लिहिलेला असतो.

दुसरं : प्रत्येक नव्या मेसेजचा अर्थ वहीत तुमच्या मराठीत लिहा. भाषांतर नको. ‘कंपायलर कशाची वाट पाहत होता आणि त्याला काय मिळालं’ एवढंच लिहा. वीस-पंचवीस नोंदी झाल्या की तेच तेच मेसेज परत भेटायला लागतील.

तिसरं : गप्प चुकांना बोलतं करा. प्रोग्राम चालवण्याआधी उत्तराबद्दल काय अपेक्षा आहे ते कागदावर लिहा. तालुके १६, तर जोडणीनंतरही ओळी १६. मर्ज करताना ‘आउटर’ पद्धत घ्या आणि ‘इंडिकेटर’ चालू करा, म्हणजे कुठली ओळ कुठल्या फाइलीतून आली ते दिसतं. केळापूर आणि पांढरकवडा मग समोरासमोर, अर्धे रिकामे, उभे राहतात. शिवाय एका तालुक्याचं उत्तर कॅल्क्युलेटरवर काढून प्रोग्रामच्या उत्तराशी ताडून पाहा.

मालिका नवशिक्यांसाठी आहे, प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी नाही, हे मान्य. पण आपल्याकडे पदवीच्या धड्यांनंतर थेट प्रबंधच येतो, मधलं कुणी शिकवत नाही. तेवढा भाग तुम्हालाच भरून काढावा लागेल. आज रात्री एखादी जुनी डेटा फाइल उघडा आणि आधी फक्त ओळी मोजा.