बियांची बखर

बियाण्यांचें सूचिपत्र हा काय टीकेचा विषय झाला, असें कोणी हंसून म्हणेल. परंतु अमेरिकेंत घरच्या बागेसाठीं जे टोमॅटो 'वडिलोपार्जित' म्हणून विकले जातात, त्यांचीं सूचिपत्रें एकदां चाळून पाहावींत. वाण तेथें कथा. कोणाची पणजी समुद्र ओलांडून आली ती हें बीं घेऊन. कोणाचें घर या फळानें सावकाराच्या हातून सोडविलें. पेरणीपूर्वींच वाचकाला गोष्टीची चटक लागते. ही एक प्रकारची बखरच होय. आणि राजवाड्यांनीं बखरींकडे ज्या संशयी दृष्टीनें पाहिलें, तिची येथेंही गरज आहे.

'चेरोकी पर्पल' हें वाण घ्या. १९९० सालीं टेनेसी संस्थानांतील एका गृहस्थानें क्रेग लेहुलियर या नामांकित संग्राहकाकडे टपालानें निनांवी बीं पाठविलें. सुमारें शंभर वर्षांपूर्वीं चेरोकी लोकांनीं तें आपल्या शेजाऱ्यांच्या पूर्वजांस दिलें, एवढीच ऐकीव हकीकत सोबत होती. फळ जांभळट निघालें आणि नांव लेहुलियर यांनींच ठेविलें. त्यांनीं हें कधीं लपविलें नाहीं. पण एका सूचिपत्रांतून दुसऱ्यांत जातांना 'म्हणतात' हा शब्द गळतो, आणि पुढें नांवच पुरावा होऊन बसतें. ज्यांच्या नांवावर पाकीट खपतें त्यांची साक्ष मात्र त्या कथेंत नाहीं.

'मॉर्गेज लिफ्टर', म्हणजे आपल्या भाषेंत 'गहाणसोडव्या', याची कथा अधिक रसाळ आहे. वेस्ट व्हर्जिनियांतील एम. सी. बाइल्स हा मोटारींचे रेडिएटर दुरुस्त करणारा कारागीर; वनस्पतिशास्त्राचें शिक्षण नाहीं. त्यानें मध्यें एक झाड लावून भोंवतीं दहा झाडांचें रिंगण केलें, आणि मुलांच्या कानाच्या पिचकारीनें रिंगणांतील परागकण मधल्या झाडाच्या फुलांवर नेले. पुढें रोपें एकेक डॉलरला विकून सहा वर्षांत सहा हजारांचें गहाण फेडलें, असें तो स्वतः सांगे. सूचिपत्रकारांचा सारा भर या सहा हजारांवर. मला तर त्याआधींचीं वर्षें मोलाचीं वाटतात, ज्यांत तो दर हंगामीं उत्तम तेवढ्याच झाडांचें बीं राखीत राहिला. शिवाय हें 'वडिलोपार्जित' वाण उघड उघड संकरांतून, एका माणसाच्या हयातींत घडलेलें आहे. कुलशुद्धीचा जो डौल या पाकिटांवर मिरवला जातो, त्याला ही कथाच छेद देते. सांगणाराच्या तें ध्यानांतही येत नाहीं.

मग वडिलोपार्जित तें काय? राखलेलें बीं मुळावर जातें, एवढेंच. संकरित वाणाचें बीं पेरलें तर पुढची पिढी विस्कटते. येथें तसें होत नाहीं. मात्र राखणें हें काम आहे. पिकल्या फळाचा गर दोन-तीन दिवस भांड्यांत आंबवावा लागतो, कारण बियांभोंवतींच्या बुळबुळीत आवरणांत उगवण रोखणारीं द्रव्यें असतात. मग तळाशीं बसलेलें बीं धुऊन सावलींत वाळवावयाचें. टोमॅटोचें फूल बहुधा स्वतःच फळतें. पण कांहीं जुन्या वाणांत स्त्रीकेसराचें टोंक बाहेर डोकावतें आणि मधमाशी परके पराग आणून टाकते. म्हणून कळ्यांच्या घोसावर पातळ कापडाची पिशवी बांधावी लागते.

हा मजकूर कथेच्या खालीं बारीक टाइपांत आढळला तर आपलें भाग्य! विक्रेत्याचें त्यांत हित नाहीं. गिऱ्हाईक दर वर्षीं नवें पाकीट घेईल तर बरेंच. याउलट १९७५ सालीं केंट व डायअ‍ॅन व्हीली या दांपत्यानें मिसूरींत बीजरक्षकांची जी संघटना काढली, तिच्या सभासदांच्या याद्या पाहाव्या. त्यांत कोणाजवळ कोणतें बीं आहे आणि तें कोणास देतां येईल, याची रुक्ष नोंद असते. रंजक म्हणून कोणी ती वाचणार नाहीं. पण मला पाकिटावर हवें आहे तें याच जातीचें : बीं कोणत्या सालचें, किती झाडांवरून घेतलें, आणि फुलांवर पिशवी बांधली होती कीं नाहीं.