खांद्याच्या स्नायुवेदनेवर ड्राय नीडलिंग : पुराव्याची चिकित्सा

खांद्याच्या स्नायुवेदनेवरील उपचार म्हणून ‘ड्राय नीडलिंग’ ही पद्धती भौतिकोपचाराच्या क्षेत्रात रूढ झाली आहे. तीत कोणतेही औषध न देता बारीक, भरीव सुई स्नायूच्या ताठर पट्ट्यातील दुखऱ्या बिंदूत टोचली जाते. या बिंदूस ‘ट्रिगर पॉइंट’ म्हणतात. जॅनेट ट्रॅव्हेल व डेव्हिड सायमन्स यांच्या १९८३ मधील ग्रंथामुळे ही संकल्पना सर्वदूर पोहोचली. या उपचाराबाबत केल्या जाणाऱ्या दाव्यांना पुराव्याचे बळ कितपत आहे, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

या संदर्भात कारेल लेविट या चेक वैद्यांचा १९७९ मधील शोधनिबंध आधारभूत मानला जातो. २४१ रुग्णांच्या या अभ्यासात सुमारे ८७ टक्के प्रसंगी सुई टोचताच वेदना शमल्याची नोंद आहे. औषधाविनाही सुईने आराम पडतो, हे निरीक्षण मोलाचे आहे. मात्र तेथे तुलनेसाठी नियंत्रित गट नव्हता. उपचाराविषयीची अपेक्षा किंवा एका वेदनेने दुसरी झाकली जाणे, यांचा वाटा त्यामुळे वेगळा काढता येत नाही.

खरी अडचण पुढेच आहे. गोळीसारखीच दिसणारी निरौषधी गोळी देता येते. टोचल्यासारखी वाटणारी, पण न टोचणारी सुई बनविणे कठीण असते. शिवाय आपण काय करीत आहोत, हे उपचारकाला ठाऊक असतेच. कमिंग्ज व व्हाइट यांनी २००१ मध्ये घेतलेल्या आढाव्यात सुईचा परिणाम आभासी उपचाराहून अधिक आहे, हे सिद्धही होत नाही आणि खोडलेही जात नाही, असा निष्कर्ष निघाला. गॅटी व सहकाऱ्यांच्या २०१७ मधील आढाव्यात बारा आठवड्यांपर्यंत वेदना कमी झाल्याचे दिसते. परंतु पुराव्याचा दर्जा अत्यंत कमी ते मध्यम असा आहे. कार्यक्षमतेच्या बाबतीत इतर भौतिकोपचारांहून सुई सरस ठरली नाही. दीर्घकालीन लाभाचा पुरावाही अपुराच आहे.

ट्रिगर पॉइंटची संकल्पनाही निर्विवाद नाही. बोटांनी चाचपून बिंदू शोधताना दोन तज्ज्ञांचे एकमत होईलच असे नाही. क्विंटनर, बोव्ह व कोहेन यांनी २०१५ मध्ये या उपपत्तीवरच मूलभूत आक्षेप घेतले. येथे एक भेद ध्यानात ठेवावा लागतो : उपपत्ती चुकीची ठरली, म्हणून रुग्णाला पडलेला आराम खोटा ठरत नाही, आणि आराम पडला, म्हणून उपपत्तीही खरी ठरत नाही.

धोक्याचाही विचार अगत्याचा आहे. ट्रॅपेझियस स्नायूच्या वरच्या भागाखाली फुप्फुसाचे टोक असते. सुई खोल गेल्यास फुप्फुसावरणात हवा शिरण्याचा संभव असतो. हा प्रसंग विरळ असला, तरी गंभीर आहे.

सारांश, ड्राय नीडलिंग हा व्यायामाच्या जोडीने योजावयाचा अल्पकालीन पूरक उपचार होय. त्याला व्यायामाचा पर्याय मानणे उपलब्ध पुराव्यात बसत नाही. अध्यापकाने विद्यार्थ्याच्या हाती सुई देताना या पुराव्याच्या मर्यादाही त्याच्या हाती द्याव्यात. अन्यथा कौशल्य वाढेल. विवेक मात्र मागे राहील, आणि त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागेल.