मोजपट्टी कोणाच्या हाती?

अस्पृश्यता कोठून आली? स्टॅन्ले राइस यांचे उत्तर होते : वंशभेदातून आणि घाणेरड्या धंद्यातून. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात दोन्ही उत्तरे तपासली. घुर्ये यांनी दिलेली नाकांची मोजमापे घेऊन ब्राह्मण व अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, असे त्यांनी दाखविले. धंद्याबाबत नारदस्मृतीच पुढे केली : घाण काढणे हे दासांचे काम होते आणि आर्यही दास होत असत.

ज्यांची नाके मोजली गेली त्यांच्यातल्याच एकाने मोजपट्टी हाती घेतली, ही मला या ग्रंथाची खरी क्रांती वाटते. पण आमच्यातले काही अभ्यासक त्यातले निष्कर्ष मंत्रासारखे म्हणतात. तुटलेले दुवे जोडताना कल्पनेचा आधार घ्यावा लागतो, हे प्रस्तावनेत बाबासाहेबांनीच सांगितले आहे. नाकावरून वंश ठरविणे आजचे मानवशास्त्र मानीत नाही. तेव्हा तो पुरावा प्रतिपक्षाला त्याच्याच मापाने दिलेले उत्तर म्हणून वाचावा.

गटारात माणूस गुदमरून मरतो, तेव्हा ‘हा त्यांचा परंपरागत धंदा’ म्हणणारे राइसचेच उत्तर देत असतात. ते खोडायला पोथी नको; बाबासाहेबांची तपासणी हवी.