'मूळचे', 'कालोचित' आणि 'बसणारे' : रिमफायर रायफलींच्या मॅगझीनची चिकित्सा

जुन्या शस्त्रांच्या वर्णनात 'ओरिजिनल' हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. बाजारातील मराठीत त्याचा अर्थ 'नकली नव्हे, कंपनीचे' एवढाच असतो. संग्राहक त्यातून 'त्या काळचे' असा अर्थ घेतो, आणि वस्तुसंग्रहालयातील पाटी वाचणारा अभ्यासक 'याच शस्त्राबरोबर कारखान्यातून आलेले' असे समजून चालतो. हे तीन अर्थ परस्परांहून भिन्न आहेत. एखादे मॅगझीन कंपनीचे असून त्या काळचे नसेल. त्या काळचे असून त्या रायफलीचे नसेल. लहान व्यासाच्या रिमफायर रायफलींच्या बाबतीत हा गोंधळ सर्वांत अधिक आढळतो. याचे कारण असे की, या शस्त्राचा सर्वांत सहज हरवणारा, मोडणारा आणि बदलला जाणारा भाग म्हणजे त्याचे मॅगझीन होय.

रिमफायर काडतुसात ठोक्याने पेटणारे स्फोटक बुडाच्या मध्यभागी नसून त्याच्या कडेत भरलेले असते. या जातीचे '.२२ शॉर्ट' हे काडतूस १८५७ साली स्मिथ अँड वेसन यांनी प्रचारात आणले. आज सर्वत्र चालणारे '.२२ लाँग रायफल' १८८७ चे. मॅगझीन म्हणजे अशी काडतुसे साठवून एकामागून एक नळीच्या तोंडाशी पोचविणारा कोठा. अरबी 'मख़ज़न', म्हणजे कोठार, याच्या 'मख़ाज़िन' या बहुवचनापासून निघालेला हा शब्द युरोपीय भाषांत फिरून इंग्रजीत आला आणि तेथून मराठीत शिरला. दारूचे कोठार, नियतकालिक आणि रायफलीचा कोठा हे त्याचे तिन्ही अर्थ साठवणीच्या एकाच कल्पनेतून फुटले आहेत. (लाहोरहून १९०१ साली निघालेल्या उर्दू मासिकाचे नाव 'मख़ज़न' होते, शब्द जणू प्रवास करून घरी परतला.) मराठीपुरती अडचण अशी की, रायफलीतील सुटी पेटी, ती जिच्यात बसते ती खाच आणि नळीखालची न निघणारी नलिका या तिहींना बोलीत 'मॅगझीन'च म्हटले जाते. त्यामुळे 'मॅगझीन मूळचे आहे' या विधानात नेमके काय मूळचे आहे, हे पुष्कळदा विधान करणाऱ्यालाही ठाऊक नसते.

या संदिग्धतेची किंमत काय, हे भोरजवळच्या भाटघरचे उदाहरण घेऊन तपासता येईल. समजा, एखाद्या संग्रहात '.२२ रायफल, भाटघर धरणाच्या बांधकामाच्या काळातील' अशी पाटी आहे. पाटी नेमकी वाटते; परंतु भाटघरला धरण दोन वेळा झाले. वेळवंडी नदीवरील व्हायटिंग तलावाचे पहिले धरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतले. त्याहून मोठे लॉइड धरण १९२० नंतरच्या दशकातले. आजचे 'येसाजी कंक जलाशय' हे नाव तर त्याहून पुष्कळ अलीकडचे. पाटीतील 'धरण' पहिले धरले, तर त्या रायफलीत एकेरी काडतुसाची किंवा नळीखालील नलिकेची रचना अपेक्षित आहे. जॉन ब्राउनिंग यांच्या आराखड्यावरून निघालेल्या विंचेस्टर १८९० या रायफलीत अशीच नलिका होती, आणि ती ज्या एका काडतुसासाठी बनवलेली असे त्याखेरीज दुसरे तिच्यात चालत नसे. शॉर्ट, लाँग आणि लाँग रायफल ही तिन्ही काडतुसे एकाच शस्त्रात चालण्याची सोय पुढे विंचेस्टर १९०६ या मॉडेलात आली. धरण दुसरे धरले, तर विंचेस्टर ५२ सारखी, खालून पाच काडतुसांची सुटी पेटी बसणारी निशाणबाजीची रायफलही कालदृष्ट्या शक्य ठरते, कारण ती १९२० च्या सुमारास बाजारात आली. म्हणजे पाटीवरील एका शब्दाचा अर्थ ठरल्याखेरीज वस्तूची परीक्षा सुरूही करता येत नाही.

आता शस्त्र विंचेस्टर ५२ आहे आणि धरण लॉइड यांच्या नावाचे आहे असे निश्चित झाले, तरी मॅगझीनचा प्रश्न सुटत नाही. याच कंपनीच्या ६९ (१९३५) आणि ७५ (१९३८) या मॉडेलांतील पेट्या ५२ मध्ये बसतात. दहा-पंधरा वर्षांनंतरची पेटी आधीच्या रायफलीत चपखल बसते, खटका नीट लागतो, काडतूसही व्यवस्थित वर येते. परीक्षक समाधानाने 'मूळचे' असे लिहून मोकळा होतो. येथे बसणे हा पुरावा धरला गेला. वस्तुतः बसणे ही केवळ पूर्वअट आहे.

ज्यांनी पाठचिकित्सेचा थोडाही अभ्यास केला आहे त्यांना ही चूक ओळखीची वाटेल. पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे जे काम झाले, त्याच्या मुळाशी एक साधी जाणीव आहे. श्लोक वृत्तात बसतो आणि संदर्भाशी जुळतो, एवढ्यावरून तो मूळ संहितेतला ठरत नाही. प्रक्षेप करणाराही वृत्त सांभाळूनच श्लोक घालतो. त्यामुळे निर्णय पोथ्यांच्या साक्षीवर करावा लागतो. सुट्या पेटीचेही तसेच. ती बसावी म्हणूनच बनवलेली असते. यास्तव तिच्या बसण्यातून काळ निघत नाही. काळ काढावयाचा तर तिच्या घडणीकडे पाहावे लागते. ती कोणत्या लांबीच्या काडतुसासाठी आहे, पत्रा कसा दुमडला आहे, काडतुसे वर ढकलणारी पट्टी धातूची की प्लॅस्टिकची, झीज खाचेतील झिजेशी जुळते की नाही, हे पाहावे लागते. शेवटची कसोटी सर्वांत उपेक्षित आणि बहुधा सर्वांत विश्वसनीय आहे. दोन भाग वर्षानुवर्षे एकमेकांवर घासले असतील, तर एकाचे ओरखडे दुसऱ्यावर उमटतात. पेटी गुळगुळीत आणि खाच खरवडलेली, अशी जोडी एकत्र वाढलेली नसते.

शिक्क्यांवर भिस्त ठेवणेही येथे पुरेसे नाही. बर्मिंगहॅम व लंडन येथील प्रमाणगृहांचे शिक्के नळीवर व यंत्रणेवर असतात. पेटी त्या परीक्षेला जात नाही. अमेरिकेत १९६८ चा बंदूकनियंत्रण कायदा होण्यापूर्वी स्वस्त .२२ रायफलींवर पुष्कळदा अनुक्रमांकच नसे. अशा वेळी परीक्षक पेटीवरील कंपनीच्या नावाला काळाचा पुरावा मानू लागतो आणि सर्वांत चंचल भागावरून सर्वांत स्थिर भागाचा काळ ठरवतो.

याहून उद्बोधक प्रकरण ब्रिटिश सैन्याच्या '.२२ नंबर २ मार्क ४' या सरावाच्या रायफलीचे आहे. १९४८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय छात्रसेनेमुळे ती महाविद्यालयांच्या परिचयाची झाली. छात्रांच्या तोंडी तिचे नाव 'पॉइंट टू टू'. बाहेरून ती .३०३ च्या शॉर्ट ली-एनफील्डसारखी दिसते आणि तिच्या पोटाखाली दहा काडतुसांच्या पेटीचे परिचित कवचही असते. ते पाहून नोंदवहीत 'मॅगझीन : दहा गोळ्यांचे' असे लिहिले जाण्याचा संभव मोठा. परंतु या रायफलीत काडतूस एकेक करून हाताने भरावयाचे असते. कवचातील स्प्रिंग व पट्टी सामान्यतः काढलेली असते, आणि उडालेल्या काडतुसांची रिकामी टरफले त्यात पडतात. साठवणीचे कोठार येथे कचऱ्याचे भांडे झाले आहे. अशा कवचात कुणी हौसेने स्प्रिंग व पट्टी बसवून ते 'पूर्ण' केले, तर त्याने दुरुस्ती केली असे म्हणता येणार नाही. त्याने त्या वस्तूचा अर्थच बदलला. नावाच्या बाबतीतही सावधगिरी हवी. 'नंबर १', 'नंबर २' ही क्रमांकांची पद्धत ब्रिटिश सैन्याने १९२६ साली स्वीकारली. म्हणून त्याआधीच्या दस्तऐवजात 'नंबर २' असा उल्लेख सापडला, तर दस्तऐवजाविषयीच शंका घेणे योग्य. उलटपक्षी शस्त्रावर नवा शिक्का दिसला म्हणून ते शस्त्र १९२६ नंतरचेच, असेही नव्हे.

या विवेचनावरून 'कालोचित मॅगझीन शोधून बसवावे' या प्रचलित सल्ल्याकडे पुन्हा पाहावे लागते. सल्ला सद्धेतूने दिलेला असतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीच्या छंदाला आधार उरला नाही. पुष्कळ रायफली कपाटांत गेल्या आणि त्यांच्या पेट्या घरातल्या घरात हरवल्या. रिकाम्या खाचेत त्या काळची पेटी बसवावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र विसंगत पेटी स्वतःहून सांगते की, ती बदललेली आहे. कालोचित पेटी तसे सांगत नाही. १९३८ ची पेटी १९२० च्या रायफलीत दिसली, तर चाणाक्ष अभ्यासक थबकतो. १९२० ची पेटी १९२० च्याच रायफलीत काल बसवली गेली असेल, तर थबकण्याचे कारणच उरत नाही. चांगला संपादक गळालेले अक्षर स्वतः भरतो तेव्हा ते कंसात ठेवतो. कंस न घालता भरलेले अक्षर, ते बरोबर असले तरी, पोथीच्या साक्षीत भेसळ करते.

शिवाय काढून टाकलेली विसंगत पेटीही निरर्थक नसते. रायफल १९३८ नंतरही वापरात होती, मालकाने तिच्यासाठी सुटा भाग मिळवला, आणि तो भाग त्याच्यापर्यंत पोचू शकत होता, हे तिच्यावरून कळते. भोर संस्थान १९४८ साली विलीन झाले. त्या भागातील एखाद्या शस्त्राच्या वापराचा कागद उपलब्ध नसेल, तर अशी पेटी हाच त्याच्या उत्तरायुष्याचा एकमेव लेख असू शकतो. ती टाकून देणे म्हणजे समासातील टीप अशुद्ध म्हणून पोथीचा समासच कापून काढणे.

नोंद करताना 'मूळचे' हा शब्द केवळ झीज, घडण आणि मालकीची परंपरा ही तिन्ही जुळतील तेथेच वापरावा. 'कालोचित' हा घडणीवरून काळ ठरला असेल तेथे. आणि उरलेल्या सर्व ठिकाणी 'बसणारे' एवढेच लिहावे. पेटी नंतर बसवली असल्यास तिच्या आतल्या बाजूस बसवल्याचे वर्ष लिहिलेली चिठ्ठी ठेवावी आणि जुनी पेटी त्याच क्रमांकाखाली वेगळी जपावी. विंचेस्टर ५२ च्या बाबतीत आणखी एक खबरदारी घ्यावयास हवी. निशाणबाज एकेक काडतूस भरण्यासाठी पेटीऐवजी एक भरीव जोडतुकडा खाचेत बसवीत. तो तुकडा कपाटाच्या तळाशी सापडला, तर लोखंडाचा निरुपयोगी ठोकळा समजून तो भंगारात जाण्यापूर्वी एकदा खाचेत लावून पाहावा.