चिंताग्रस्त पिढीचा कैवारी

जोनाथन हाइट हे न्यूयॉर्क विद्यापीठांतील सामाजिक मानसशास्त्राचे अध्यापक. त्यांचा ‘दि अँक्शस जनरेशन’ हा ग्रंथ २०२४ सालीं प्रसिद्ध झाला, आणि ज्या घरांत वाढतीं मुलें आहेत त्यांपैकीं बहुतेकांच्या कानांवर त्याचें नांव तरी आलेंच असेल. एवढा बोलबाला झालेलें पुस्तक हातीं घेतांना टीकाकाराचें मन आधींच थोडें वांकडें असतें; आमचेंही होतें. वाचून संपल्यावर तें पुष्कळ अंशीं सरळ झालें, सर्वस्वी नाहीं.

ग्रंथकर्त्याचें म्हणणें असें कीं, २०१० ते २०१५ या अवधींत अमेरिकेंतील मुलांचें बालपण मुळापासून बदललें. पुढच्या बाजूस कॅमेरा असलेला आयफोन २०१० सालीं आला, इन्स्टाग्रामही त्याच वर्षीं निघालें, आणि आईबापांच्या भित्रेपणानें आधींच ओस पडलेलें अंगण कायमचें सुटलें. झोप कमी झाली, अवधान तुटक झालें, सवंगड्यांचा सहवास आटला, व्यसन जडलें. आणि त्याच सुमारास खिन्नता व चिंता यांनीं ग्रासलेल्या मुलांची, त्यांतही मुलींची, संख्या झपाट्यानें वाढली.

आतां, दोन गोष्टी एकाच वेळीं घडल्या म्हणून एक दुसरीचें कारण ठरत नाहीं, हें तर्कशास्त्राच्या नवख्या विद्यार्थ्यासही ठाऊक असतें. कँडिस ऑजर्स या विदुषीनें ‘नेचर’मध्यें हाच आक्षेप घेतला. त्यापूर्वीं, २०१९ सालीं, एमी ऑर्बेन व अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनीं साडेतीन लाखांहून अधिक मुलांची माहिती तपासली होती. तींत मनःस्वास्थ्यांतील फार तर शेंकडा ०.४ इतका फरक यंत्रवापराशीं निगडित आढळला. यावर हाइट यांचें उत्तर असें कीं, तेथें सारे पडदे एकाच पोत्यांत भरले आहेत. मुली आणि समाजमाध्यमें एवढेंच वेगळें काढल्यास संबंध बराच घट्ट दिसतो. उत्तर विचारार्ह आहे, परंतु त्यानें वाद मिटत नाहीं. आणि पहिल्या भागांत ग्रंथकर्ता न्यायाधीशाच्या आसनावर बसून वकिली करतो, हें आम्हांस रुचलें नाहीं.

आमची शंका आणखी एक आहे. ग्रंथांतील पुरावा मुख्यतः इंग्रजीभाषी व उत्तर युरोपीय देशांचा. आमच्याकडे स्वस्त इंटरनेट घरोघर पोंचलें तें २०१६ सालीं जिओ आल्यानंतर. आणि २०२० सालीं शाळा बंद झाल्या तेव्हां तर फोन मुलांच्या हातीं खुद्द शिक्षकांच्या सांगण्यावरून गेला. ज्यांनीं तो आजवर कपाटांत ठेवला होता, त्यांनींच तो काढून दिला. फोन हेंच मुख्य कारण असेल, तर दुःखाची ती चढती रेघ येथें उशिरां दिसावयास हवी. ही कसोटी लावून पाहण्याजोगी होती.

मात्र एका जागीं हा ग्रंथ आम्हांस निरुत्तर करतो. एकट्या आईबापांनीं फोन नाकारला तर मूल बरें होत नाहीं, तें एकटें पडतें, असें हाइट सांगतात. गेल्या वर्षीं आमच्या एका विद्यार्थिनीनें, रात्रीं झोप येईना म्हणून, महिनाभर फोन बंद ठेवला. बिचारीची अंतर्गत परीक्षा चुकली. सूचना केवळ ग्रूपवर गेली होती, आणि ती पाठविणारे आम्हींच होतों. तिनें तक्रार केली नाहीं. दुसऱ्या दिवशीं फोन पुन्हां सुरू केला.

म्हणून चौदा वर्षांपूर्वीं स्मार्टफोन नको, सोळापूर्वीं समाजमाध्यमें नकोत, शाळा फोनमुक्त असाव्या आणि मुलांस देखरेखीवांचून मनसोक्त खेळूं द्यावें, या हाइट यांच्या चार मागण्या सर्वांनीं मिळून मान्य करावयाच्या आहेत. ऑस्ट्रेलियानें सोळा वर्षांखालील मुलांसंबंधीं कायदा केला, तो १० डिसेंबर २०२५ पासून अंमलांत आला. परंतु कायद्याची वाट न पाहतां सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचें वडगांव या खेड्यानें २०२२ सालींच एक उपाय योजला. सायंकाळीं सात वाजतां देवळावरचा भोंगा वाजावा आणि दीड तास घरोघरचे टीव्ही व फोन बंद राहावे, असें गांवानें ठरविलें. साऱ्यांचाच फोन बंद म्हटल्यावर ‘माझाच कां?’ असें विचारण्यास मुलास जागा उरत नाहीं. ग्रंथाचा चौथा भाग आईबापांनीं एकट्यानें न वाचतां शेजाऱ्यांसह वाचावा, असें आम्ही सुचवितों तें याचकरितां.