हुकूम कोणाचा? : पत्त्यांच्या परिभाषाकोशाचा प्रश्न

एखाद्या छंदाची परिभाषा संकलित करण्याचे काम वरवर पाहता निरुपद्रवी वाटते. शब्द गोळा करावेत, अकारविल्हे लावावेत, पुढे अर्थ द्यावेत, की कोश सिद्ध झाला. प्रत्यक्षात ‘हा शब्द कोणाचा?’ हा प्रश्न पहिल्या काही नोंदींतच उभा राहतो. पोकर, तीन पत्ती, रमी, मेंढीकोट असे खेळ खेळणाऱ्यांसाठी मराठीत सामायिक कोश करायचा झाल्यास हा प्रश्न कसा उद्भवतो, हे हिंगोली जिल्ह्याच्या भाषिक परिस्थितीत विशेष स्पष्ट दिसते.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीचा या भूभागाचा इतिहास निजामाच्या राजवटीचा आहे. हिंगोली हे हैदराबाद कंटिंजंटचे छावणीचे ठाणे होते. १९४८ नंतरही हा प्रदेश १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच राहिला. उत्तरेला वाशीम व यवतमाळ, म्हणजे वऱ्हाड. घरची मराठी, दरबारची उर्दू आणि बाजारातील दख्खनी-हिंदी यांचा शेजार येथे जुना आहे. अशा ठिकाणी पत्त्यांच्या डावाला बसलेल्या चौघांपैकी एकाने ‘हुकूम’ हा शब्द उच्चारला तर त्याचा अर्थ काय? मराठीत हुकूम म्हणजे इतर रंगांवर मात करणारा रंग. तो बदामही असू शकतो, चौकटही. हिंदी-उर्दूत मात्र ‘हुकुम’ हे इस्पिकाचेच नाव आहे आणि मात करणाऱ्या रंगाला ‘तुरुप’ म्हणतात. म्हणजे ध्वनी एक, मूळ अरबी शब्दही एक. पण एका व्यवस्थेत तो पदाचे नाव आहे आणि दुसरीत त्या पदावर बसू शकणाऱ्या चार रंगांपैकी एकाचे. कोशकाराने यांतला एक अर्थ ‘प्रमाण’ आणि दुसरा ‘अपभ्रष्ट’ ठरवला, तर त्याने शब्दाचा निर्णय केलेला नसतो. डावाला बसलेल्या एका भिडूला उठवलेले असते.

सोस्यूरने भाषाव्यवस्थेची तुलना बुद्धिबळाशी केली, ती सोंगटीचे मूल्य तिच्या द्रव्यात नसून पटावरील इतर सोंगट्यांशी असलेल्या संबंधांत असते हे दाखवण्यासाठी. पत्त्यांच्या परिभाषेला हे सूत्र लागू पडते, पण पुरे पडत नाही. ‘पान टाकणे’ हा साधा प्रयोग पाहावा. मेंढीकोटात पान टाकणे म्हणजे खेळणे, आपली पाळी बजावणे. तीन पत्तीत किंवा पोकरमध्ये पत्ते टाकणे म्हणजे डावातून माघार घेणे. क्रियापद तेच, कृती नेमकी उलट. येथे विट्गेन्स्टाइनच्या उत्तरकालीन विचाराचा आधार घ्यावा लागतो: शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात असतो आणि वापर एखाद्या विशिष्ट खेळाच्या आत घडतो. तेव्हा खेळाचे नाव न देता ‘टाकणे’ची नोंद करणारा कोश अपुरा तर असतोच, शिवाय दिशाभूल करणारा असतो.

कोश घडवण्याची वरून खाली येणारी परंपरा आपल्याकडे बलवान आहे. शिवकाळातील ‘राजव्यवहारकोशा’ने फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय दिले, पण पुढील मराठी राज्यव्यवहारातून फारसी शब्द हटले नाहीत. हैदराबादेत १९१७ साली उस्मानिया विद्यापीठासाठी स्थापन झालेल्या दार-उल-तर्जुमाने शास्त्रीय विषयांची उर्दू परिभाषा घडवली. दोन्ही उपक्रमांमागे राज्यसत्ता होती. खेळांच्या क्षेत्रात निराळे उदाहरण क्रिकेटचे. ‘त्रिफळा’, ‘पायचीत’, ‘यष्टिरक्षक’, ‘षटकार’ हे शब्द मराठीत रुजले, त्याचे कारण कोणाची आज्ञा हे नव्हे. आकाशवाणीवरून बाळ ज. पंडित यांच्यासारख्यांनी केलेले धावते समालोचन आणि वृत्तपत्रांची क्रीडापृष्ठे यांमुळे त्या शब्दांना श्रोता मिळाला. पत्त्यांच्या डावाला असा श्रोता नाही. जो ऐकतो तो बहुधा स्वतःच भिडू असतो. म्हणून पत्त्यांची परिभाषा ओसरीओसरीला बदलते, आणि म्हणूनच क्रिकेटचा कित्ता येथे जसाच्या तसा गिरवता येत नाही.

पर्याय निवडताना कोशकार नकळत नीतीचाही निवाडा करतो. हातात हलकी पाने असताना भारी असल्याचे भासवण्याच्या पोकरमधील कृतीला, म्हणजे ‘ब्लफ’ला, मराठीत काय म्हणावे? ‘थाप’ म्हटले तर खेळाडू खोटारडा ठरतो. ‘हूल’ म्हटले तर कबड्डीतील चढाईपटूचे कसब आठवते. तेथे हूल देणे हा नियमांच्या आतला डावपेच आहे. दोन्ही शब्द अस्सल मराठी आहेत, परंतु एक खेळाला दोष देतो आणि दुसरा त्याला खेळ म्हणून मान्यता देतो. तटस्थ पर्याय नावाची गोष्ट येथे उपलब्ध नाही.

हा मुद्दा केवळ शैलीचा नाही. सिकंदराबादच्या एका क्लबवर हैदराबाद जुगार कायद्याखाली झालेल्या कारवाईचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६७ च्या निकालात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला गेला आणि तीन पानांचा, निरनिराळ्या नावांनी ओळखला जाणारा खेळ निव्वळ नशिबाचा. एकाच खेळाची अनेक नावे असतात याची दखल न्यायालयालाही घ्यावी लागली. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने ऑनलाइन पैशांच्या खेळांपुरता कौशल्य आणि नशीब हा भेदच अप्रस्तुत ठरवला. डावाला कोणते नाव द्यावे यावर परिणाम अवलंबून असतात. म्हणून नावांचा कोश हा निष्पाप दस्तऐवज राहत नाही.

यावर आक्षेप असा, की प्रत्येक भेद नोंदवत बसल्यास कोश ‘सामायिक’ राहणार कसा? प्रमाणीकरण नाही तेथे परस्परबोधही नाही. आक्षेपात तथ्य आहे. पैसे लावलेल्या डावात संदिग्ध शब्द म्हणजे भांडणच. परंतु सामायिकता म्हणजे एकरूपता नव्हे. प्रत्येक नोंदीत खेळ, कृती आणि बोलणाऱ्यांचा परिसर सांगितला, तर हिंगोलीच्या वाचकाला शेजारच्याचा ‘हुकूम’ कळेल आणि आपला सोडावा लागणार नाही.

मेंढीकोटातच याचा नमुना आहे. ‘बंद हुकूम’ पद्धतीत हुकमाचे पान आधीच पालथे घालून ठेवतात. ‘कट हुकूम’ पद्धतीत डाव हुकमाविना सुरू होतो; चालू रंगाचे पान ज्याच्याकडे नसते त्याने टाकलेल्या पानाचा रंग पुढे हुकूम ठरतो. आपले पारिभाषिक कोश बहुधा पहिल्या पद्धतीने रचले गेले. पत्त्यांच्या कोशाला दुसरी पद्धत अधिक मानवेल, कारण ज्याच्याकडे चालू शब्द नाही तोच तेथे नवा शब्द आणतो, आणि त्याच्या शब्दालाही डावात किंमत असते.